गेवुर्त्सट्रामिनर: ओळखावी कशी, वाढावी कशी, मुरवावी किती

पांढऱ्या वाइनबद्दल बहुतेकांच्या डोक्यात दोन-तीन गोष्टी पक्क्या बसलेल्या असतात. ती चांगली गार हवी, तिला झणझणीत आंबटपणा हवा आणि वर्ष-दोन वर्षांत ती संपवून टाकावी. सोव्हिन्यों ब्लाँच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. गेवुर्त्सट्रामिनर या द्राक्षाची पांढरी वाइन मात्र या तिन्ही बाबतींत आपल्या वाटेने जाते, आणि लोक तिच्यावर नाराज होतात ते बहुतेक वेळा या सवयींमुळेच. वाइन निवडणं आणि ती टेबलावर वाढणं हे माझं रोजचं काम आहे. एक घोट घेऊन ‘फारच अत्तरासारखी आहे’ म्हणत ग्लास बाजूला सरकवणारी माणसं मी सतत पाहते. तीच बाटली चार अंश कमी गार करून, नीट निवडलेल्या पदार्थाबरोबर दिली की त्यातली निम्मी माणसं पुन्हा ग्लास पुढे करतात.

या द्राक्षाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: त्याच्यात वास भरपूर आहे आणि आंबटपणा कमी. किती गार करायची, कशाबरोबर प्यायची, किती वर्षं ठेवायची, हे सगळं या जोडीवरूनच ठरतं.

आधी द्राक्ष

पांढरी वाइन देणारं हे द्राक्ष पांढरं नाही. पिकलेला घड पाहिला तर साल गुलाबी, कधी कधी तांबूस-जांभळटसुद्धा असते. घड लहान, मणी दाटीवाटीने बसलेले. ट्रामिनर हे याचं जुनं घराणं. त्याचं नाव इटलीच्या उत्तर टोकाला, दक्षिण टिरोलमधल्या त्रामिन गावाशी जोडलेलं आहे. फ्रान्सच्या जुरा भागातलं साव्हान्यँ हे द्राक्षही याच घराण्यातलं. साव्हान्यँला हा गुलाबाचा वास नाही आणि आंबटपणा मात्र चांगला आहे. छोट्याशा जनुकीय बदलाने एकाच कुळातली दोन द्राक्षं किती वेगळी होतात ते या दोघांच्या वाइन शेजारी शेजारी ठेवून प्यायलं की कळतं. जमलं तर जरूर करून पाहा.

तोडणीच्या दिवसांत फ्रान्सच्या अल्सास भागातल्या एका उतारावर बागेच्या मालकाने मला एक मणी तोंडात टाकायला दिला होता आणि सांगितलं होतं, गिळू नका, साल चावत राहा. गर गोड होता, पण त्यात फार काही सांगण्यासारखं नव्हतं. साल चावायला लागल्यावर मात्र काही क्षणांनी गुलाब वर आला, आणि तो ओसरता ओसरता जिभेच्या मागच्या बाजूला बारीकसा कडवटपणा उरला. या वाइनचं सगळं व्यक्तिमत्त्व त्या सालीत आहे. वास तिथे, रंग तिथे आणि कडसरपणाही तिथेच. म्हणून वाइन करणाऱ्याला सतत तोल सांभाळावा लागतो. सालीचा संपर्क जास्त ठेवला तर वास वाढतो, पण शेवट कडू होतो. कमी ठेवला तर वाइन स्वच्छ लागते, पण फिकी.

वासाची मोठी जबाबदारी रोझ ऑक्साइड नावाच्या संयुगावर आहे. त्यातलाही सिस प्रकार जास्त तीव्र. तो लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅमहून कमी असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. लिचीतही तोच असतो, त्यामुळे या वाइनमध्ये लोकांना लिची आठवते ती कल्पनाशक्तीमुळे नाही. जोडीला जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनालूल ही मंडळी असतात. यांतला बराच भाग द्राक्षात साखरेच्या रेणूला बांधलेला असतो आणि तोवर त्याला वास नसतो. तो हळूहळू सुटा होतो. ही गोष्ट पुढे मुरवण्याच्या वेळी कामाला येईल.

बागायतदाराच्या दृष्टीने हे द्राक्ष त्रासदायक आहे. डोळे लवकर फुटतात, त्यामुळे वसंतातल्या उशिराच्या हिमाचा फटका बसतो. उत्पन्न कमी. साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो, पण वास मात्र शेवटी शेवटी भरतो. लवकर तोडलं तर आंबटपणा राहतो आणि वास हुकतो. वाट पाहिली तर वास मिळतो, पण वाइनचं अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास जाऊन बसतं. उष्ण प्रदेशात ही वाट पाहणं परवडत नाही, द्राक्ष वासाआधीच बेचव होऊन जातं. म्हणून त्याला थंड पण लांबलेली, कोरडी शरद लागते. अल्सासला ती वोज पर्वतामुळे मिळते. पश्चिमेकडचा पाऊस डोंगर अडवतात आणि पायथ्याचं कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक ठरतं. दक्षिण टिरोलमध्ये दिवसा ऊन आणि रात्री डोंगरावरून उतरणारा गारवा हेच काम करतो.

ग्लासात ओळखायची कशी

रंगापासून सुरुवात करा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. रीस्लिंग ही चांगल्या आंबटपणाची पांढरी वाइन तरुणपणी हिरवट-पिवळी दिसते, ही सोनेरी दिसते, आणि कधी कधी तिच्यात तांब्याची किंचित झाक असते. ती झाक सालीची आहे, दोष नाही.

मग वास. ग्लास न हलवताच गुलाब आणि लिची समोर येतात. थोडा हलवला की आलं, संत्र्याची साल, कधी लवंग, कधी पिकलेला आंबा. तोंडात घेतल्यावर वाइन जड, जवळजवळ तेलकट वाटते. रीस्लिंगच्या घोटानंतर तोंडाला पाणी सुटतं, इथे ते सुटत नाही. शेवटी हलका कडवटपणा. या पाच खुणा एकत्र आल्या की दुसरं द्राक्ष असण्याची शक्यता फार कमी. न पाहता वाइन ओळखायच्या परीक्षेत विद्यार्थी सगळ्यांत आधी हिलाच ओळखतात.

तरी गल्लत होऊ शकते. मस्कॅटला ताज्या द्राक्षांचा आणि संत्र्याच्या फुलांचा वास येतो आणि अंगाने ती हलकी असते. व्हिऑन्ये तितकीच जड आणि तितकीच कमी आंबट असते, पण तिच्यात जर्दाळू आणि पीच असतात, गुलाब नाही. अर्जेंटिनाची तोरोंतेस नाकाला सर्वांत जवळची, पण तोंडात ती इतकी भरीव राहत नाही.

आता दर्जा. इथे माझं मत ठाम आहे: वासाच्या जोरावरून दर्जा ठरवू नका. तीव्र वास या द्राक्षाला जन्मजात मिळालेला आहे, साधारण बाटलीतही तो असतो. चांगली गेवुर्त्सट्रामिनर ओळखायची ती घोट गिळल्यानंतर. कडवटपणा स्वच्छ आहे की घशाला खरखरीत लागतो? अल्कोहोल नाकात चुरचुरतं का? वास एकाच सुरात अडकलाय की गुलाबामागून आलं, मग साल, मग काहीतरी खारट-मातकट असं बदलत जातं? आणि आंबटपणा कमी असूनही दुसरा घोट घ्यावासा वाटतो का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला लावणाऱ्या बाटल्या थोड्या असतात, आणि त्या बहुतेक चुनखडी-चिकणमातीच्या उतारांवरून येतात.

लेबलावर काय वाचायचं

या वाइनचा वास गोड आहे, म्हणून ती गोड असेलच असं नाही. नाकाने गोडवा सांगितलेला असतो आणि जीभ कोरडी वाइन चाखते, त्यामुळे अनेकांना पहिल्या घोटाला फसल्यासारखं वाटतं. उलटही होतं: कोरडी समजून घेतलेली बाटली चांगलीच गोड निघते. म्हणून विकत घेण्यापूर्वी गोडव्याची खूण शोधा.

अल्सासमध्ये हे आता सोपं झालंय. २०२१ च्या हंगामापासून लेबलावर गोडव्याचा दर्जा लिहिणं बंधनकारक आहे. ‘सेक’ म्हणजे कोरडी, लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर, आंबटपणा पुरेसा असेल तर ९ पर्यंत. ‘दमी-सेक’ १२ ग्रॅमपर्यंत, ‘म्वालो’ ४५ पर्यंत आणि ‘दू’ त्याच्या वर. त्याआधीच्या बाटल्यांवर ही माहिती असेलच असं नाही. तिथे बनवणाऱ्याची शैली माहीत असणं हाच उपाय. त्रिम्बाकचा कल कोरडेपणाकडे आहे. झिंद-उंब्रेख्टच्या बाटल्या वर्षानुसार गोडव्याकडे झुकू शकतात, आणि त्यांनी स्वतःच लेबलावर गोडव्याचा आकडा द्यायला बरंच आधी सुरुवात केली.

अल्सासच्या वाइनला मूळस्थानाचा दर्जा १९६२ मध्ये मिळाला, ग्राँ क्रूची, म्हणजे निवडक उत्तम उतारांची, व्यवस्था १९७५ पासून आली आणि आज असे ५१ उतार आहेत. तिथे सर्वसाधारणपणे ज्या चार द्राक्षांना मान आहे त्यांत गेवुर्त्सट्रामिनर एक आहे. हेंग्स्ट, फ्युर्स्टेन्टुम, केसलर, मांबूर ही नावं दिसली तर थांबून पाहा. हेंग्स्टची वाइन तरुणपणी आडदांड असते, तिला वेळ द्यावा लागतो. फ्युर्स्टेन्टुमची जास्त नेटकी.

‘वाँदांज तार्दीव्ह’ म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, आणि ‘सेलेक्सियों द ग्रँ नोब्ल’ म्हणजे बॉट्रायटिस बुरशीने आटलेले मणी निवडून केलेली. दोन्हींचे नियम १९८४ मध्ये कायद्यात आले. त्यासाठी रिकवीरच्या जाँ ह्युगेल यांनी मोठा पाठपुरावा केला होता. त्यांच्या घराण्याकडे अशा वाइनची जुनी परंपरा होती आणि बाकीच्यांनी ही नावं सैलपणे वापरू नयेत असा त्यांचा आग्रह होता.

दक्षिण टिरोलच्या बाटल्या जास्त कोरड्या, ताठ आणि स्वच्छ असतात. ज्यांना अल्सासची जड वाटते त्यांना मी आधी तिथली देते. जर्मनीचा फाल्त्स, न्यूझीलंड, कॅलिफोर्नियातली अँडरसन व्हॅली इथेही चांगलं काम होतं. फाल्त्समधल्या रोड्ट गावात ट्रामिनरच्या वेलींची एक फार जुनी बाग अजून फळ देते. तिथल्या वेली चारेकशे वर्षांच्या मानल्या जातात.

किती गार, कोणत्या ग्लासात

हा भाग वाचून सोडू नका, एकदा हाताने करून पाहा. अन्नासाठी वापरतात तो साधा थर्मामीटर घ्या. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ती ५ अंशांच्या आसपास असेल. एका ग्लासात थोडी ओता आणि ग्लास टेबलावर राहू द्या. दर पाच-सात मिनिटांनी तापमान पाहा आणि एक छोटा घोट घ्या.

६ अंशांना वास जवळजवळ झोपलेला असतो. वास देणारी संयुगं गारव्यात हवेत उडत नाहीत. आणि नेमका याच वेळी कडवटपणा पुढे येतो, कारण थंडीत जिभेला कडू आणि तुरट जास्त जाणवतं, गोड कमी. म्हणजे या द्राक्षाचं सर्वोत्तम अंग झाकलं जातं आणि दुबळं अंग उघडं पडतं. ९ अंशांच्या पुढे गुलाब उघडतो, कडवटपणा मागे सरतो. ११-१२ ला आलं आणि मसाला येतो, अंगही भरतं. १५ च्या वर गेलात की अल्कोहोल नाकाला लागायला लागतं, आंबटपणा कमी असल्यामुळे वाइनला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ती पसरते. रीस्लिंग थोडी कोमट झाली तरी तिचा आंबटपणा तिला उभं ठेवतो. हिला तो आधार नाही. म्हणून हिच्या चांगल्या तापमानाचा पट्टा अरुंद आहे.

माझा हिशोब असा: तरुण, साधी, कोरडी बाटली ८ ते १० अंश. ग्राँ क्रू, आणि मुरलेली कुठलीही, १० ते १२. उशिराच्या तोडणीची १० च्या आसपास. अगदी गोड सेलेक्सियों ८ ते १०, कारण तिथे साखरेला थोडा लगाम लागतो. ओतताना याहून एक-दोन अंश कमी ठेवा, ग्लासात ती लगेच चढते. फ्रिजमधली बाटली १५-२० मिनिटं आधी बाहेर काढली की साधारण जमतं. घाईत गार करायची असेल तर बादलीत बर्फाबरोबर पाणी घाला. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते आणि वेळ दुप्पट लागतो. पाणी-बर्फात साधारण पंधरा मिनिटं पुरतात. मग बाटली बाहेर काढा आणि बाहेरच ठेवा. जेवण संपेपर्यंत बाटली बर्फात उभी ठेवण्याची अनेक रेस्टॉरंटांची पद्धत या वाइनचं सर्वांत जास्त नुकसान करते. आपल्या टेबलावर असं दिसलं तर बाटली काढून ठेवायला निःसंकोच सांगा.

ग्लास मध्यम आकाराचा, वर किंचित निमुळता. रेड वाइनचा मोठा घेरदार ग्लास नको, त्यात अल्कोहोलची वाफ साचते. अगदी अरुंद ग्लासही नको, त्यात गुलाब एकटाच ओरडतो आणि बाकीचं काही ऐकू येत नाही. एका वेळी तिसरा हिस्सा भरेल एवढीच ओता, उरलेली बाटलीत गार राहू द्या. जोरजोरात गोल फिरवायची गरज नाही. ज्या वाइनचा वास आधीच ग्लासाबाहेर येतोय तिला ढवळून काय मिळवायचं?

एका बैठकीत अनेक वाइन असतील तर ही नंतर ठेवा. हिच्यानंतर आलेली नाजूक वाइन पाण्यासारखी लागते. आणि तिचा ग्लास थोडाच भरा. चांगल्या गेवुर्त्सट्रामिनरचे दोन छोटे ग्लास म्हणजे पुरेसं समाधान. तिसऱ्याला नाक थकतं.

कशाबरोबर

पदार्थ आंबट असेल तर ही वाइन निवडू नका. व्हिनेगरचं सॅलड, टोमॅटो, भरपूर लिंबू पिळलेला मासा, यांच्यापुढे तिचा उरलासुरला आंबटपणाही हरवतो. साधा वाफवलेला मासाही नको, तो दिसेनासा होतो.

हिला लागतो तो चरबी आणि मीठ असलेला, स्वतःचा वास असलेला पदार्थ. अल्सासमध्ये याचं उत्तर म्हणजे वोजच्या दऱ्यांतलं म्युन्स्टर चीज. साल धुऊन धुऊन पिकवलेलं हे चीज वासाला इतकं उग्र असतं की पहिल्यांदा भेटणारा माणूस मागे सरतो. आत मात्र ते मऊ, खारट आणि दुधाळ असतं. तिथे त्याबरोबर शहाजिऱ्याचे दाणे देतात. चिजाच्या उग्र वासाला वाइनचा वास तेवढ्याच ताकदीने सामोरा जातो, चिजाचं मीठ वाइनचा कडवटपणा पुसून टाकतं आणि वाइनचा किंचित गोडवा चिजाचा खारेपणा गोल करतो. सोबत एखादी आंबट वाइन दिली तर चीज जास्तच उग्र लागतं. थोडा गोडवा असलेली, म्हणजे दमी-सेक किंवा म्वालो बाटली यासाठी उत्तम. अल्सासमध्येच फ्वा ग्राबरोबर, म्हणजे बदक-हंसाच्या चरबीदार यकृताबरोबर, उशिराच्या तोडणीची बाटली उघडतात, त्यामागेही हाच विचार आहे.

आलं, गवती चहा, चक्रीफूल असलेल्या पदार्थांशी हिचं जमतं, कारण वासाची भाषा जवळची आहे. मिरचीचं मात्र जपून. ‘मसालेदार जेवणाबरोबर गेवुर्त्सट्रामिनर’ हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण तो अर्धाच आहे. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि १४ टक्क्यांची कोरडी बाटली तिखटाबरोबर घेतली तर तोंड पेटतं. साखर ती आग शमवते. म्हणून पदार्थात तिखट असेल तर कमी अल्कोहोलची, थोडी गोड बाटली घ्या. सुगंधी पण सौम्य मसाला असेल तर कोरडीही चालेल.

गोड पदार्थाबरोबर एकच पथ्य: वाइन पदार्थापेक्षा जास्त गोड हवी, नाहीतर ती कडू लागेल.

मुरवणं

आंबटपणा कमी म्हणजे वाइन टिकणार नाही, असं सरसकट मानलं जातं. साध्या बाटल्यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. कोरडी, रोजच्या पिण्याची गेवुर्त्सट्रामिनर द्राक्षाच्या हंगामापासून दोन ते चार वर्षांत प्यावी. पाचच्या पुढे ठेवली तर गुलाब उडून जातो आणि मागे कडवटपणा व अल्कोहोल तेवढे राहतात. रीस्लिंगसारखं तिच्यात खाली दुसरं काही दडलेलं नसतं.

पण चांगल्या उताराची, दाट रसाची किंवा गोड बाटली वेगळ्या ताकदीवर टिकते. तिला साखर सांभाळते, अल्कोहोल सांभाळतं, आणि सालीतून आलेली तीच कडसर फिनॉलिक द्रव्यं सांभाळतात, जी तरुणपणी खटकत होती. ग्राँ क्रू बाटल्या पाच ते बारा-पंधरा वर्षं चांगल्या चढतात. वाँदांज तार्दीव्ह आठ ते वीस. सेलेक्सियोंचा हिशोब दशकांत करायचा. दक्षिण टिरोलच्या उत्तम कोरड्या बाटल्या माझ्या मते तीन ते आठ वर्षांत सर्वांत सुंदर असतात, पण तिथेही अपवाद आहेत. कान्तिना त्रामिन या वाइनरीची ‘एपोकाले’ ही गोडसर गेवुर्त्सट्रामिनर समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या एका जुन्या खाणीत वर्षानुवर्षं मुरवली जाते. तिच्या २००९ च्या हंगामाला १०० पैकी १०० गुण मिळाले, आणि असा मान मिळालेली ती पहिली इटालियन पांढरी वाइन ठरली. खाणीत तापमान वर्षभर हलत नाही आणि उजेड अजिबात नाही. एवढं जपलं की कमी आंबटपणाची वाइनही किती लांब जाते याचा तो पुरावा आहे.

बाटलीत नेमकं काय होतं? सुटे सुगंधी रेणू वाइनच्या आम्लात हळूहळू बदलतात. लिनालूलपासून त्याहून मंद वासाचा टर्पिनिऑल होतो, जेरॅनिऑल कमी होतं. त्याच वेळी साखरेला बांधलेले रेणू थोडे थोडे सुटे होऊन ही घट काही काळ भरून काढतात. म्हणून चांगली बाटली पहिल्या दोन-तीन वर्षांत वासाने वाढतेसुद्धा. पुढे ताजा गुलाब वाळतो, लिची मागे जाते, आणि मध, सुकं जर्दाळू, पाकातलं आलं, संत्र्याची सुकलेली साल, अक्रोड, तंबाखूचं पान असे वास येतात. गोडवाही कमी वाटायला लागतो. साखर प्रत्यक्षात तेवढीच असते, पण चव खोलवर जाते आणि नुसती साखर वेगळी जाणवत नाही. दहा-बारा वर्षांची वाँदांज तार्दीव्ह म्हणूनच जेवणाबरोबर जास्त सहज बसते.

ठेवावी की प्यावी हे ठरवायला माझ्याकडे एक साधी युक्ती आहे. एकाच वाइनच्या तीन बाटल्या घेता आल्या तर एक लगेच उघडा, अर्धी प्या, बूच लावून उरलेली फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. हवा लागून ती सैल पडली, वास उतरला, तर बाकीच्या दोन यंदाच संपवा. उलट दुसऱ्या दिवशी ती जास्त नीट, जास्त भरीव वाटली तर उरलेल्या दोन खुशाल आडव्या करून ठेवा. यावरून वर्षांचा नेमका आकडा मिळत नाही, पण दिशा कळते.

साठवायला १० ते १३ अंशांची, अंधारी, न हलणारी जागा हवी. या वाइनला चढ-उतार फार बाधतो. २५ अंशांच्या कपाटात ती काही महिन्यांत दोन-तीन वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी लागते. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर मुरवायच्या फंदात न पडता तरुण बाटल्या घ्या आणि त्यांचा आनंद घ्या, हा माझा सरळ सल्ला. नैसर्गिक बूच असेल तर बाटली आडवी, फिरकीचं झाकण असेल तर कशीही. स्वयंपाकाच्या फ्रिजमध्ये महिनोन् महिने ठेवू नका, तिथली कोरडी हवा बूच आकसवते.

जुनी बाटली उघडण्याच्या आदल्या दिवशी उभी करा. तळाला काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. बूच सावकाश ओढा, जुनं बूच तुटतं. पहिला वास बंदिस्त, मशरूमसारखा येऊ शकतो. निष्कर्ष काढू नका. ग्लासात थोडीशी ओतून दहा-पंधरा मिनिटं थांबा. डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या रुंद काचपात्रात, ओतण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण जुन्या गेवुर्त्सट्रामिनरमध्ये उरलेला गुलाब फार थोडा असतो आणि मोठ्या पृष्ठभागावर तो लवकर निघून जातो. गडद सोनेरी रंग ठीक आहे, सेलेक्सियोंमध्ये अंबरसुद्धा चालतो. पण कोरड्या बाटलीचा रंग तपकिरीकडे वळला असेल आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येत असेल, तर तिचे दिवस संपले.

उघडलेली कोरडी बाटली बूच लावून, उभी, फ्रिजमध्ये तीन दिवस बरी राहते. म्वालो पाच-सहा दिवस. सेलेक्सियोंला आठवडा-दीड आठवडा काही होत नाही, आणि तिची ३७५ मिलीलीटरची अर्धी बाटली मिळत असेल तर तीच घ्या. त्यात सहा माणसांना प्रत्येकी एक छोटा ग्लास मिळतो, आणि त्या गोडव्याचं तेवढंच माप बरोबर आहे.